माळ आबांची, गळ आत्यांचा

आमचा मिक्सर चांगला चालत होता, तरी आबांनी तो उघडला. ओसरीवर वर्तमानपत्र अंथरून त्यांनी सगळे स्क्रू काढले, आतली धूळ फुंकली, सगळं परत बसवलं आणि एक स्क्रू उरला. तो खिशात टाकून ते गोठ्याकडं गेले. गाय सावलीत बांधलेली होती, ती सोडून त्यांनी दुसऱ्या सावलीत बांधली. मग ढोबळी मिरचीच्या शेडनेटमध्ये शिरून ठिबकच्या नळ्या सरळ केल्या. त्या सरळच होत्या. इकडं मी चटणी वाटायला मिक्सर लावला, तर तो दळणाच्या गिरणीसारखा ओरडायला लागला.

"आबा, मिक्सरला काय झालं होतं?" मी बाहेर येऊन विचारलं.

"काय न्हाय. जरा आवाज करत व्हता."

"आता करतोय."

"मंग बघतो की उघडून," म्हणत ते एवढ्या उत्साहानं आत निघाले, की मी मिक्सर उचलून कपाटात ठेवला आणि कुलूप लावलं.

माझा स्वभाव मुळातच तापट. सणसरला माहेरी मला मिरची म्हणायचे, आणि नशीब बघा, सासरीही आम्ही मिरचीच पिकवतो. तर अशा माझ्यासारख्या बाईनं आबांचं हे दोन वर्षं सोसलं, यावरून हा माणूस मला किती प्रिय आहे ते समजून घ्या.

आबा म्हणजे माझे सासरे सोपान आबा. आमची वस्ती कळसच्या शिवारात. उभं आयुष्य आबांनी भवानीनगरच्या साखर कारखान्यात बॉयलरवर काढलं, आणि बॉयलरवरून सुटले की उरलेलं आयुष्य तळ्यावर. गावाच्या वरच्या अंगाला आमचं तळं आहे. पावसाच्या भरवशावर ते कधीमधीच भरतं. कालव्याला पाणी सुटलं की त्याच्या पोटात पाणी येतं. कडेनं माती ढासळू नये म्हणून काळ्या दगडांचं पिचिंग, त्याच्या वर बाभळी. मासेमारीचा ठेका एका सोसायटीकडं आहे, त्यांच्या होड्या आणि जाळी वेगळी. पण काठी घेऊन कडेला बसणाऱ्या दोन-चार म्हाताऱ्यांना कुणी काही म्हणत नाही. कारखान्याची पाळी सुटली की आबांची सायकल घराकडं न वळता तिकडंच वळायची. घरचे चिडायचे, पण रात्री कालवणाचा वास सुटला की चिडलेलेच आधी पाटावर बसायचे.

लग्न होऊन आले तेव्हा आत्यांनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, आबांचा डबा देऊन मला तळ्यावर पाठवलं होतं. आबा दगडावर बसलेले. हातात भरीव बांबूची काठी, त्यांनी स्वतः चुलीवर शेकून सरळ केलेली. काठीला तंगुसाचा दोरा, दोऱ्याला मोरपिसाच्या काडीचा तरंगा, आणि खाली पाण्यात गळ. मी हाक मारणार तोच त्यांनी मागं न बघता एक बोट वर केलं. मी गप्प उभी राहिले. तो माणूस इतका निवांत होता, की बघता बघता माझाही जीव शांत झाला. सासऱ्यानं सुनेला गप्प बसवलं आणि सुनेला राग आला नाही, असं माझ्या बाबतीत तेवढं एकदाच घडलं.

मग आत्यांना झटका आला.

शेडनेटमध्ये मिरच्या तोडता तोडता त्या खाली बसल्या त्या उठल्याच नाहीत. बारामतीला दवाखान्यात नेईपर्यंत आबांनी त्यांचा हात सोडला नाही. आत नेल्यावर मात्र त्यांना बाहेर थांबवलं. तिथं आवारात एक लिंबाचं झाड होतं. आबा त्या झाडाखाली गेले, टोपी काढली आणि मोठ्यानं म्हणाले, "पांडुरंगा, हिला माघारी दे. मी मासा सोडला." माझा नवरा अविराज शेजारीच उभा होता. तो सांगतो, आसपासचे लोक वळून बघायला लागले, पण आबांना कशाचं भान नव्हतं.

आत्यांच्या हृदयात स्प्रिंग बसवली आणि त्या वाचल्या. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "आजी, मटण बंद. तेल-तूप जपून. मासे मात्र खा हं, हृदयाला चांगले." मी आबांच्या तोंडाकडं पाहिलं. पंचक्रोशीत गळाला मासा लावण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. त्यांच्या बायकोला डॉक्टर मासे खायला सांगत होते, आणि यांनी नुकताच मासा सोडला होता. मला हसू आलं. एवढ्या काळजीतसुद्धा आलं, काय करणार!

गावच्या सप्ताहात काल्याचं कीर्तन झाल्यावर आबांनी महाराजांच्या हातून तुळशीची माळ घातली. काठी घराच्या आढ्याला बांधून टाकली आणि तळ्याकडं जाणारी वाट सोडली.

पहिले काही आठवडे आम्हाला कौतुक वाटलं. नंतर कळलं, की या माणसाचा सगळा निवांतपणा त्या तळ्यावरच राहिलाय आणि घरी नुसता माणूस आलाय. सकाळी उठले की आबा चालायला लागायचे. ओसरी, गोठा, विहीर, बांध, परत ओसरी. एसटीनं इंदापूरला जायचे आणि काही न करता पुढच्या एसटीनं परत यायचे. हरिपाठाला बसले तरी टाळ त्यांच्या हातात घाई करायचे, आणि बाकीचे भजनी मागं वळून बघायचे. जेवायला बसले की मनगटाला मधेच हिसका बसायचा, गळ ओढताना बसतो तसा. ताटातली आमटी सांडायची. ते हाताकडं रागानं बघायचे, जणू हात शेजाऱ्याचा आहे.

त्यात त्यांचे जुने सोबती संभाजीराव. दोघं तळ्यावर खांद्याला खांदा लावून बसायचे. आता संभाजीराव एकटे जात आणि जे गळाला लागेल त्याचा फोटो आबांच्या मोबाइलवर पाठवत. "आबा, आज रोहू." "आबा, मरळ बघा." आबा फोटो बोटांनी मोठा करून बघायचे, मोबाइल उपडा ठेवायचे, परत उचलायचे. एकदा मी संभाजीरावांना फोन करून चांगलं झापलं. तर म्हणाले, "अगं पोरी, न्हाय धाडला तर त्यो फोन करतुय, आज काय लागलं म्हनून."

"आबा, मासा धरा आणि परत पाण्यात सोडून द्या की," अविराजनं एकदा सुचवलं. "आजकाल कितीतरी लोक तसं करतात. खायचं नाही, मारायचं नाही."

"मी मासा सोडला म्हणलोय," आबा म्हणाले. "धरून सोडीन असं न्हाय म्हणलो."

"देव एवढं बारीक बघतो होय?"

"देव बघतो का न्हाय त्ये मला म्हाईत न्हाय. मी बघतो."

आत्यांचे मासे अविराज भिगवणहून बर्फातले आणायचा. घरात माळकरी माणूस, म्हणून मी ते मागच्या अंगणात वेगळ्या चुलीवर आणि वेगळ्या तव्यात करायचे. आबा तेवढा वेळ घराच्या पुढच्या बाजूला थांबत, आणि तिथून ओरडत, "हळद-मीठ लावून ठिवलं व्हतं का? जाळ बारीक ठिव!" आत्या दोन घास खाऊन ताट सरकवायच्या. "ह्याला तळ्याचा वास न्हाय, फ्रिजचा हाय," म्हणायच्या. औषधासारखं गिळायच्या.

पण आत्यांच्या घशाखाली जे उतरत नव्हतं ते मासे नव्हते. हे मला एका संध्याकाळी कळलं.

आत्या ओसरीवर घेवडा निवडत होत्या. आबा येरझाऱ्या घालत होते. एकाएकी आत्यांनी विचारलं, "अवो, पस्तावला का?"

"कशाला?"

"मला मागून घेतली त्याला."

मी आत पोळ्या लाटत होते. माझं लाटणं थांबलं. वाटलं, आता आबा म्हणतील, खुळी का काय तू. आबांनी आत्यांकडं पाहिलं. मग पायात चपला सरकवल्या आणि "मोटार चालू करून येतो" म्हणून विहिरीकडं निघून गेले. त्या वेळी लाईट नव्हती.

आत्यांनी घेवड्याची शेंग मोडली, पुढची मोडली. मग रडायला लागल्या. "मी गेली असती तर ह्यांचं तळं तरी ऱ्हायलं असतं," म्हणाल्या. "माझा जीव वाचिवला आन् सोताचा घालवून बसल्यात. कुणाचं उपकार घिऊन जगायचं म्हंजी काय असतं, तुला न्हाय कळायचं, वृषाली."

मला इतका संताप आला, की हाताचं पीठ न झटकता मी विहिरीवर गेले. आबा बंद मोटारीच्या पेटीपुढं उभे होते.

"दोन शब्द बोलता येत नव्हते तुम्हाला? 'नाही' एवढंच म्हणायचं होतं!"

"ते एवढं सोपं न्हाय," आबा म्हणाले.

"म्हणजे पस्तावलात?"

"तू घरी जा. तवा जळंल."

तवा खरंच जळत होता, म्हणून मी घरी आले. पण त्या दिवसापासून आमच्या घरात तो प्रश्न तसाच पडून राहिला. आबा त्याला वळसा घालून चालायचे. आत्या रोज त्यांच्या तोंडाकडं उत्तरासाठी बघायच्या आणि थोड्या आणखी वाळायच्या. रात्री अविराज म्हणायचा, दोघांचं वय झालंय, होतं असं. मी म्हणायचे, वयाला कशाला नावं ठेवतोस, तुझा बाप बोलत नाही म्हणून झालंय हे.

एके सकाळी मी कपडे वाळत घालत होते. आत्या बाहेर आल्या. हातात आढ्यावरची काठी, दुसऱ्या हातात पिशवी. काठीवर दोन वर्षांची जाळी-जळमटं, ती त्यांच्या अंबाड्याला चिकटलेली.

"वृषाली, गाडी काढ."

"कुठं जायचं, आत्या?"

"तळ्यावर. डाक्टरनं हिंडा-फिरा म्हणलंय आन् मासं खा म्हणलंय. दोन्ही एकदमच उरकते."

आबा गाईला वैरण टाकत होते. त्यांच्या हातातली पेंढी तशीच राहिली. "तुला काय येतंय त्यातलं?"

"काय न्हाय येत. तुमी सांगा."

"मी माळकरी हाय."

"माळ गळ्यात हाय तुमच्या. जिभंला न्हाय बांधली."

आबांनी अंगणाला एक फेरी मारली, दुसरी मारली, आणि मग त्यांची जुनी एम-एटी गाडी ढकलत बाहेर काढली. आत्या मागं बसल्या, काठी आभाळाकडं धरून. मी माझ्या स्कूटीवर पाठीमागं. आम्ही कालव्याच्या रस्त्यानं निघालो, तर उसाला पाणी देणारी माणसं फावडी टेकून बघत उभी राहिली.

पहिल्या दिवशी आत्यांनी गळ टाकला तो बाभळीत अडकला. दुसऱ्यांदा टाकला तो त्यांच्याच पदरात. आबा दगडावर बसून कपाळाला हात लावत होते. "अगं, खांद्यातनं न्हाय, मनगटातनं! पोरं दगड मारत्यात तसं काय करतीस!" बाभळीतला गळ सोडवायचा कुणी, हा मोठा प्रश्न आला. आबांनी थोडा विचार केला आणि बाभूळ काही मासा नव्हे, असं ठरवून गळ सोडवला. मग गळाला लावायची कणीक मळायला माळेची हरकत नाही, असंही ठरलं. शेंगदाण्याची पेंड, कणीक आणि चिमूटभर हिंग घेऊन आबा ओसरीवर मळायला बसायचे, ते बघण्यासारखं असायचं. गळ बांधायलाही हरकत नाही, कारण गळ तेव्हा कोरडा असतो. एकदा तो पाण्यात गेला, की मात्र आबा हात पाठीमागं बांधून घेत. काठीला बोट लावत नसत.

आत्यांना पहिली चिलापी लागली, तळहाताएवढी. तिचा काटा बोटात घुसला, आत्या ओरडल्या, मी ओरडले, आणि आबा दुसरीकडं तोंड करून "रामकृष्णहरी, रामकृष्णहरी" म्हणत राहिले. घरी मागच्या चुलीवर मी ती तळली. आत्यांनी काटेसुद्धा चोखले.

गावात अर्थात बभ्रा झाला. "आबा, गळ्यात माळ आन् बायकूच्या हातात गळ! बरं जमिवलंय," संभाजीराव पलीकडच्या काठावरून ओरडायचे. देवळात कुणी म्हणालं, हे काही शास्त्रात बसत नाही. आत्यांनी तिथंच सुनावलं, "माळ ह्यांची, नवस ह्यांचा. मला कुणी शास्त्र सांगू नगा. मी आपली आजारी बाई, पथ्य पाळतीया."

हसण्यावारी जात होतं सगळं. पण आबांची तगमग कमी व्हायच्या ऐवजी दुप्पट झाली. आधी तळं निदान डोळ्यांआड होतं. आता ते पुढ्यात होतं, तरंगा हलत होता, आणि हात बांधलेले. आत्यांनी उशिरा ओढलं की आबांचा खांदा आपोआप उडायचा. लवकर ओढलं की ते उठून लांब जायचे, एखाद्या बाभळीला फेरी मारून परत यायचे. घरी आल्यावर रात्री जेवताना सगळं पुन्हा सांगायचे, तू तवा असं करायला पायजे व्हतं. मला वाटलं, यापेक्षा मिक्सर बरा होता.

"आत्या, हे बंद करू या का?" मी एकदा चुलीपाशी विचारलं. "आबांना जास्तच त्रास होतोय."

"व्हऊ दे," आत्या म्हणाल्या. "त्यासाठीच चाललंय."

मी चुलीतलं लाकूड मागं ओढलं.

"आज ना उद्या ऱ्हावणार न्हाय त्यास्नी. एकदा काठी हातात घेतली, की सुटलं. माळ ठिवतील देवाम्होरं, आन् जातील परत तळ्यावर. पयल्यासारखं."

"आणि नवस?"

"माझ्या जिवाचा नवस हाय. माझं काय व्हायचं ते व्हईल. दोन वरसं फुकट मिळाली, लई झालं."

मी रसायनशास्त्रात बीएस्सी केलंय. आत्यांच्या हृदयात स्प्रिंग डॉक्टरांनी बसवली, पांडुरंगानं नव्हे, हे मला चांगलं माहीत आहे. तरी त्यांचं ते बोलणं ऐकून मी आत जाऊन त्यांच्या गोळ्या मोजून आले. मी आबांना सांगावं की न सांगावं, या विचारात मला धड झोप लागेना. आता घरात आबांसोबत मीही येरझाऱ्या घालायला लागले.

मग कालव्याला पाणी सुटलं. आवर्तन लांबलं होतं, तळं निम्म्यावर गेलेलं. सकाळी बातमी आली, की तळ्यात पाणी पडायला लागलंय. नवं पाणी आलं, की त्याच्या तोंडाशी मोठे मासे चढून येतात, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. आबांना त्या दिवशी चहासुद्धा बसून पिता आला नाही. कप घेऊन अंगणात गेले, कप तुळशीपाशी ठेवून गोठ्यात गेले, गाय सोडली, परत बांधली.

"तू जा वृषालीसंगं," ते आत्यांना म्हणाले. "मी आज न्हाय येत."

"का वं?"

"न्हाय येत म्हणलं ना."

आत्या काठी मांडीवर घेऊन अंगणातच बसल्या. "मंग मीबी न्हाय जात. बसू हितंच दोघं."

आबा आणखी थोडं फिरले. मग एम-एटीला किक मारली. आत्यांनी माझ्याकडं बघितलं. त्या नजरेत जिंकल्याचा आनंद नव्हता, निरोपासारखं काहीतरी होतं, आणि मला ते अजिबात आवडलं नाही.

पाणी पडत होतं तिथं फेसच फेस होता. गढूळ लाट पिचिंगच्या दगडांवर चढत होती. पलीकडं संभाजीराव आधीच येऊन बसलेले. आबांनी गळाला कणकेची गोळी लावून दिली आणि सरळ वर बाभळीखाली जाऊन उभे राहिले, लांब, हात पाठीमागं. आत्यांनी गळ टाकला, चांगला टाकला. एवढ्या दिवसांत त्यांना तेवढं यायला लागलं होतं.

चिलापी लागली की तरंगा थरथरतो. आज तो थरथरला नाही. आडवा झाला, आणि कुणी खालून ओढून न्यावा तसा नाहीसा झाला.

"वड!" आबा वरून ओरडले.

आत्यांनी ओढलं. काठी वाकली. तंगूस सुईसारखं पाणी कापत निघालं. संभाजीराव पलीकडं उठून उभे राहिले. "कटला हाय! आबा, लई मोठा हाय!"

"ढिली सोड... आता वडू नगं. तिरकी धर, तिरकी!" प्रत्येक शब्दाला आबा एक दगड खाली येत होते. शेवटी आत्यांच्या खांद्याशी येऊन ठेपले. आत्यांच्या पायातली एक चप्पल निसटून पाण्यात गेली. अनवाणी पाय ओल्या दगडावर सरकत होता. त्यांच्या ओठावर घाम आला होता, आणि छाती भात्यासारखी वरखाली होत होती.

"सोड काठी," आबा म्हणाले.

"न्हाय."

"फुला, सोड." आबांच्या तोंडून आत्यांचं नाव मी पहिल्यांदा ऐकलं.

"तुमी धरा!" आत्यांनी वळून ती वाकलेली काठी त्यांच्या छातीशी नेली. "धरा की! दोन वरसं मुडद्यावानी फिरताय घरात माझ्यापायी. घ्या हातात! माळ गेली तर जाऊ द्या. मी जगले तेवढं बास झालं मला!"

काठी आबांच्या समोर होती. हात पुढं करून मुठी मिटायच्या, एवढंच काम. "धर आबा! धर!" संभाजीराव ओरडत होते. मीही ओरडले. मला त्या वेळी मासाही नको होता आणि माळही. आत्यांच्या हातातून ते ओझं जावं, एवढंच हवं होतं.

आबांचे हात पाठीमागून सुटले आणि पुढं आले. ते काठीवर गेले, पण तिथं थांबले नाहीत. आत्यांच्या मुठीवर गेले. एक एक बोट धरून त्यांनी ती मूठ उघडली. काठी दगडांवर आपटली, पाण्यात पडली, क्षणभर उभी राहिली आणि तळ्याच्या मध्याकडं पळत सुटली.

आबांनी आत्यांना दंडाला धरून वर आणलं, कोरड्या दगडावर बसवलं, आणि स्वतः त्यांच्यासमोर उकिडवे बसले. आत्यांचे दोन्ही हात त्यांनी सोडले नव्हते.

"गेला की वं मासा," आत्या धापा टाकत म्हणाल्या.

"जाऊ दे."

"तुमची काठी गेली."

"जाऊ दे म्हणलं ना!" आबा इतक्या मोठ्यानं खेकसले, की मीही दचकले. मग आवाज उतरला. "तुला एकदा मागून घेतली. तवा माझ्यापाशी तळं व्हतं, ते दिलं. आता परत मागायची येळ आली, तर द्यायला काय ऱ्हायलंय माझ्याकडं? सांग. हाय का काय दुसरं?"

आबांच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते पुसायला त्यांनी हात सोडवला नाही, म्हणून आत्यांनी आपला एक हात सोडवून पदरानं पुसलं. मी तिथंच दगडावर बसून रडले.

पलीकडून संभाजीराव बोटानं दाखवत ओरडत होते, काठी कुठवर गेली, कुठं बुडाली, कुठं वर आली. आबांनी मान वळवून एकदाही तिकडं पाहिलं नाही.